पिनची सुलटी बाजू

पिन एका बाजूनं घातली, गेली नाही. फिरवून दुसऱ्या बाजूनं घातली, तरी गेली नाही. सिद्धप्पानं मोबाईल मांडीवर पालथा ठेवला, बुडाशी असलेलं चार्जिंगचं भोक अंगठ्याच्या नखानं चाचपलं आणि पिन पुन्हा पहिल्या बाजूनं दाबली. या खेपेला ती आत गेली, पण सैल. त्यानं कान दिला. चार्जिंग सुरू झालं की मोबाईल टिंग करतो. तो काही बोलला नाही.

“मिस्त्री, आज व्हईल न्हवं?” समोरच्या बाकड्यावरून रावजीनं विचारलं. “गिरणी दोन दिस बंद हाय. बाया दळणाचे डबे ठिवून जायल्यात, मागं दळणं साठल्यात नुसती.”

“व्हईल की. वार्निश मारायचं तेवढं राह्यलंय.”

रावजीची टेंभुर्णीत पिठाची गिरणी होती. टेंभुर्णीत मोटरींत नवी तार भरून देणारी चार दुकानं असताना तो वीस वर्षं आपली जळकी मोटर टेम्पोत घालून सोलापुरात, भवानी पेठेतल्या सिद्धप्पाच्या दुकानात आणत होता. आताही ती मोटर फळीवर पोट उघडून पडली होती. लोखंडी पोटात चोवीस खाचा आणि प्रत्येक खाचेत सिद्धप्पानं सकाळपासून बसवलेली तांब्याच्या तारेची नवी वेटोळी. आता त्यावर वार्निश ओतायचं, वाळवायचं, झाकण लावायचं.

पण वार्निश ओतण्याआधी सिद्धप्पा एक काम करायचा, जे गेल्या दिवाळीपर्यंत त्याला करावं लागत नव्हतं. एकेका खाचेचा मोबाईलवर फोटो काढायचा, दोन बोटांनी तो ताणून मोठा करायचा आणि तार कुठं खरवडलेली नाही ना ते बघायचं. तारेवर मुलामा असतो. तार खाचेत दाबताना तो एवढासा जरी निघाला तरी मोटर आज चालते, उद्या चालते आणि आठवड्यानं जळते.

त्यानं पिन काढली, पुन्हा घातली, मोबाईलला रबर गुंडाळून ती एका कोनात धरून ठेवली. टिंग नाही.

“सोडा की ते फोनचं,” रावजी म्हणाला. “कुणाचा येनार हाय एवढा?”

सिद्धप्पानं फोन बाजूला ठेवला. तर्जनी चोवीस खाचांवरून सावकाश फिरवली. चौतीस वर्षं मोटरी भरलेली बोटं होती ती. तारेची जाडी बोटात धरून सांगायची. त्यांना काही खटकलं नाही. त्यानं वार्निशचा डबा उचलला.

दिवाळीच्या आसपास त्याला पहिल्यांदा जाणवलं होतं. समोर गिऱ्हाईक उभं होतं, त्याचे कान दिसत होते, टोपी दिसत होती, आणि तोंडाच्या जागी कुणी ओल्या बोटानं पुसल्यासारखं झालं होतं. त्याला वाटलं, चष्म्याला ग्रीस लागलंय. चष्मा पुसला. ग्रीस नव्हतं. मग ते रोजचं झालं. नजर थोडी बाजूला नेली की वस्तू दिसायची, तिच्याकडं बघायला गेलं की नाहीशी व्हायची. बसवरची पाटी, औषधाच्या पाकिटावरची तारीख, तारेची जाडी मोजायच्या मायक्रोमीटरवरच्या रेघा, एकेक करून सगळं त्या पुसलेल्या जागेत गेलं.

मोबाईलचा शोध त्याला चुकून लागला. एका मोटरच्या पट्टीवरचा नंबर पार्टवाल्याला पाठवायला त्यानं फोटो काढला आणि बोट लागून तो मोठा झाला. आकडा एवढा मोठा की डागाच्या भोवतीनं दिसला. सिद्धप्पा त्या दिवशी दुकानात एकटाच हसला. तेव्हापासून त्याचे डोळे खिशात राहायला लागले. पण सहा वर्षं जुना फोन, सारखा कॅमेरा, सारखी लाईट. दुपारी बाराच्या आत बॅटरी बसायची. मग चार्जरची ती पिन. तिला एक रुंद बाजू आणि एक अरुंद. दिसणाऱ्या माणसाला ते लक्षातही येत नाही. सिद्धप्पा दिवसातून चारदा तिच्याशी झगडायचा.

घरी हे फक्त बायकोला, सोनाबाईला माहीत होतं. तिनं विचारलं नव्हतं. एका सकाळी पोह्यातल्या मिरच्या ती ताटातून वेचून काढायला लागली, तेव्हा त्याला कळलं की हिला कळलंय.

“डागदराकडं जाऊ या की,” ती म्हणाली.

“जाऊ. उनाळा सरू दे. मोटरीचा सीजन हाय.”

“आनि अंकीला?”

“तिला सांगायचं न्हाय. माझी शपत हाय तुला. येईल नोकरी सोडून पळत. आनि पेठेत कळलं, तर आंदळ्याकडं कोन मोटर टाकंल?”

रात्री झोपण्याआधी फोन चार्जिंगला लावायचं काम तेवढं सोनाबाईनं त्याच्या हातून काढून घेतलं.

अंकिता त्यांची एकुलती एक लेक. गावच्या, वळसंगच्या शाळेतून सोलापूरच्या कॉलेजात आणि तिथून पुण्याला एका कंपनीत. संक्रांतीला आली तेव्हा स्वतःचा फोन नाचवत म्हणाली होती, “अप्पा, मी आता नवीन घेणार. हा तुमाला. ह्याचा कॅमेरा बघा, मुंगीचे पाय मोजता येतात.”

मुंगीचे पाय. सिद्धप्पानं तो फोन हातात घेतला, दुकानातल्या तारेच्या रिळावर धरला. काचेवर तार दोरीएवढी जाड आणि स्वच्छ उमटली. त्यानं फोन लगेच परत दिला. त्याच्या तोंडावर काय दिसेल याची त्याला भीती वाटली.

मग तो वाट बघायला लागला. रविवारी तिचा फोन आला की इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर विचारायचा, “घेतलीस का नवीन?” मार्चमध्ये तिनं सांगितलं, “नाही अप्पा, थांबले. सप्टेंबरात नवीन मॉडेल येतंय. त्याला म्हणे चार्जिंगची पिन बदलणार, टाइप-सी.”

“म्हंजे काय?”

“म्हणजे सगळ्यांना असते तीच. माझा लॅपटॉप, हेडफोन, रूममधल्या पोरींचे फोन, सगळ्यांना एकच वायर चालते. माझ्याच फोनची वेगळी. ऑफिसात विसरले की दिवसभर कुणाकडंच मिळत नाही. आता जुन्या पिनचा घेतला आणि सहा महिन्यांनी नवीन आला, तर चुटपुट लागून राहील की. थांबलेलं बरं ना?”

“बराबर हाय,” सिद्धप्पा म्हणाला.

“तुमाला घाई नाही ना पण?”

दुकानात मोटरीचा घुमघुम आवाज चालू होता.

“मला कसली घाई? मला बोलायपुरता बास हाय की हा.”

सप्टेंबर. त्यानं मनात महिने मोजले, तारेचे वेढे मोजायचा तसे, कानडीत. ओंदु, एरडु, मूरु. मराठीत त्याला सगळं यायचं, पण मोजदाद आईच्याच भाषेत व्हायची. सहा झाले.

रावजीची मोटर नवव्या दिवशी परत आली. टेम्पोतून उतरवतानाच सिद्धप्पाला जळक्या वार्निशचा वास आला. त्यानं झाकण काढलं, तर आतली एक बाजू कोळसा झाली होती. सातवी-आठवी खाच. बोट ठेवल्यावर तुटलेली तार त्याला टोचली.

“लोड लई आला असंल,” रावजी म्हणाला. “लगीनसराई हाय, दळन जास्त. व्हतं मिस्त्री, मानसाच्या हातनं.”

तो भांडला असता तर बरं झालं असतं. सिद्धप्पानं दोन दिवस दुसरं काम घेतलं नाही. सोनाबाईला दुकानात बसवलं, तिच्या डोळ्यांसमोर एकेक खाच धरली आणि विचारलं, “तार कुटं चमकती का बघ. लाल दिसायला पायजे, चमकायला नको.” ती बिचारी पदर सावरत मोटरीच्या पोटात वाकून बघत राहिली. मोटर भरून दिली, पैसे घेतले नाहीत. रावजी घेऊन गेला. त्यानंतर जून गेला, जुलै गेला, रावजीकडून कुठलंच काम आलं नाही. एके दिवशी टेंभुर्णीचा एक ड्रायव्हर पाण्याला म्हणून दुकानात थांबला. बोलता बोलता म्हणाला की रावजीनं गिरणीची दुसरी मोटर गावातच भरून घेतली. सिद्धप्पानं त्याला पाण्याचा तांब्या दिला आणि म्हणाला, “बरं केलं. लांब पडायचं त्येला.”

पंधरा ऑगस्टला जोडून सुट्टी घेऊन अंकिता आली. दुपारी डबा घेऊन दुकानात गेली, तर फळीवर रबर गुंडाळलेला फोन, त्याखाली घडी घातलेला पुठ्ठा आणि पुठ्ठ्यावर स्क्रू ड्रायव्हरचं वजन.

“अप्पा, हे काय करूलालाव? हा फोन आहे का मोटर?”

“सैल झालंय जरा. धरून ठिवलं की व्हतंय.”

“चला. नंदीशकडं टाकू.”

“कशाला? सप्टेंबरात तुझा येनारच हाय की.”

“तोवर माझे फोन लागत नाहीत त्याचं काय? परवा तीन वेळा केला, बंद.” तिनं रबर काढलं आणि फोन पर्समध्ये टाकला. सिद्धप्पाला उठावं लागलं.

नंदीशचं मोबाईल दुरुस्तीचं दुकान त्याच ओळीत पाच गाळे सोडून होतं. तिशी ओलांडलेला, कानाला सतत हेडफोन, पण हात हुशार. त्यानं फोन उघडला, भिंगाच्या दिव्याखाली धरला आणि ओठ चावले.

“अण्णा, ही चार्जिंगची पोर्ट झिजली न्हाई.”

“मग?” अंकितानं विचारलं.

“फाटली हाय. हे बघा, आतली पट्टी वर वाकलीय. पिन उलटी घालून घालून झालंय हे. एकदोनदा न्हाई, रोज. जोर लावून.” त्यानं भिंग तिच्याकडं सरकवलं. “बारकं पोरगं आहे का घरात? न्हाईतर कुणाला दिसायला कमी? आमच्या आज्जीचा फोन असाच यायचा माझ्याकडं. मोतीबिंदू काढला आनि यायचा बंद झाला.”

तो साधं बोलून गेला. त्याचे हात कामात होते. सिद्धप्पाला अंकिताचं तोंड दिसत नव्हतं, त्या जागी नेहमीचा डाग होता. पण तिच्या कानातलं हलायचं थांबलं, ते त्याला दिसलं.

“घरात लहान कुणी नाही,” ती सावकाश म्हणाली. “अप्पा, हे तुमी लावता ना?”

“हाताला तेल असतं. निसटतं.”

“ह्या बरणीवर काय लिहिलंय?” तिनं नंदीशच्या टेबलावरची बरणी त्याच्यापुढं धरली.

“अंके, चल. दुकान उघडं हाय.”

“काय लिहिलंय, अप्पा?”

नंदीशनं कानातला हेडफोन काढला. रस्त्यावर रिक्षा हॉर्न वाजवत होती. सिद्धप्पानं बरणी हातात घेतली, वळवली, अंगठ्यानं कागद चाचपला, जणू अक्षरं उमटलेली असावीत.

“दिसत न्हाय,” तो म्हणाला. “दिवाळीपास्नं.”

घरी आल्यावर अंकितानं पहिल्यांदा आईला धारेवर धरलं. “तुला माहीत होतं? आई, नऊ महिने रोज फोनवर बोलत होतीस माझ्याशी. भाजी काय केली ते सांगत होतीस!”

“शपत घातली व्हती की गं त्यांनी.”

“शपत! शपतेनं डोळे परत येणार आहेत का?”

सोनाबाई रडली नाही. तिनं गॅस बारीक केला आणि म्हणाली, “वरडू नको. मी रोज बघितलंय. तू आज बघितलंस.”

अंकिता मग उंबऱ्यावर जाऊन बसली. दुरुस्त झालेला फोन तिच्या हातात होता. नुसतंच काहीतरी करायचं म्हणून तिनं फोटो उघडले असावेत. सिद्धप्पा आत खाटेवर बसून ऐकत होता. तिचं बोट काचेवर टकटक करत होतं. काय काय येत असेल, ते त्याला पाठ होतं. मोटरी, खाचा, तारा, पुन्हा खाचा. शेकडो. मग लाईट बिलाचे आकडे. गोळ्यांचं पाकीट. अक्कलकोट लिहिलेली बसची पाटी. दुधाच्या पिशवीवरची तारीख. कुणाच्या तरी लग्नाची पत्रिका, चार तुकड्यांत. बोट वेगानं चाललं होतं, ते एकदम थांबलं.

“हे काय, अप्पा?”

“काय?”

“माझा भिंतीवरचा फोटो. पदवीचा. त्याचा फोटो काढलाय तुमी. एक नाही, किती काढलेत.”

सिद्धप्पानं मान खाली घातली. “भितीवर लांब पडतोय. मोबाईलात मोठा करता येतो. तुझं तोंड बघावं वाटलं की काढायचो. आदीचा सापडायचा न्हाय, म्हनून परत काढायचो.”

अंकिता उठून परसात गेली. नळ बराच वेळ चालू राहिला.

डोळ्यांच्या दवाखान्यात दुसऱ्या दिवशी पाच तास गेले. डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या करायचं औषध, यंत्राच्या खोबणीत हनुवटी, हिरवा दिवा, लाल दिवा. डॉक्टर बाई होत्या, सावकाश बोलणाऱ्या. साखर किती वर्षं आहे, असं त्यांनी विचारलं. सिद्धप्पा म्हणाला, साखर नाही. त्यांनी रक्ताचा कागद अंकिताच्या हातात दिला. साखर होती, चांगली जुनी होती, कुणी विचारलं नव्हतं एवढंच.

“उजव्या डोळ्याचा मधला भाग गेलाय. तो परत येणार नाही,” डॉक्टर म्हणाल्या. “डाव्याचा थोडा शिल्लक आहे. दर महिन्याला इंजेक्शन घेतलं, साखर आटोक्यात ठेवली, तर तो राखता येईल. वाढेल असं मी म्हणत नाही. राखता येईल.”

“आणि आधी आलो असतो तर?” अंकितानं विचारलं. “जानेवारीत?”

डॉक्टरांनी पेनाचं टोपण लावलं. “आज आलात ना. आजपासून बघू.”

बाहेर पायऱ्यांवर उन्हात सिद्धप्पा डोळ्यांवर काळा चष्मा लावून उभा राहिला. अंकिता म्हणाली, “जानेवारीत मी फोन देणार होते. दिला असता तर इथं बसून शिकवला असता. तेव्हाच कळलं असतं मला.”

“फोनानं डोळं परत येतात व्हय?”

“तसं नाही, अप्पा. मी विचारलं होतं तुमाला, घाई आहे का. तुमी नाही म्हणालाव.”

“व्हय. ते माझं चुकलं,” सिद्धप्पा म्हणाला. आयुष्यात लेकीला हे वाक्य तो पहिल्यांदाच म्हणत होता. “तू पिनसाठी थांबलीस, मी तुझ्यासाठी थांबलो. डागदराकडं जायचं भ्या वाटत व्हतं, त्येला सप्टेंबर बरा गावला.”

दवाखान्यातून ती त्याला घेऊन तशीच नवी पेठेत गेली, मोबाईलच्या दुकानात. काउंटरवरच्या माणसानं तिला हवं ते मॉडेल काढलं आणि मग खरं तेच सांगितलं, “मॅडम, महिनाभर थांबा की. नवीन येतोय, टाइप-सीवाला. हा लगेच जुना होईल.”

“होऊ दे.”

“मी आपलं तुमच्या फायद्याचं...”

“मला माहितीय. सहा महिने तेच वाचत होते मी. हाच द्या, आत्ता.”

सिद्धप्पानं तिचा हात धरला. “अंके, असं करू नको. एवढं थांबलीस, आनि एक महिना. माझ्यापायी जुन्या पिनचा कशाला घेतीस? माझा दुरुस्त झालाय की.”

“अप्पा, मला वायर विसरली तर शेजारणीकडनं मिळत नाही, एवढीच माझी अडचण होती.” तिचा आवाज चढला आणि लगेच खाली आला. “एवढीच. तुमी बसा तिथं.”

तिथंच स्टुलावर बसून तिनं आपलं सगळं नव्या फोनमध्ये घेतलं आणि जुना पुसून त्याच्या हातात दिला. कॅमेऱ्यापेक्षा सोपं असं भिंग त्यात होतं; बटण तीनदा दाबलं की उघडायचं. ते तिनं शिकवलं. मग चार्जर दिला.

“लावून बघा.”

सिद्धप्पानं पिन हातात धरून सवयीनं चाचपली. दोन्ही बाजू सारख्या होत्या. त्याला वाटलं, आपल्या बोटांना कळत नाहीये. त्यानं मान वर केली.

“कुटली बाजू वर?”

“कुठलीही.”

त्यानं पिन लावली. गेली. टिंग झालं. त्यानं ती काढली, उलटी केली, लावली. गेली. काउंटरवरचा माणूस दुसऱ्या गिऱ्हाइकाकडं वळला होता. सिद्धप्पानं तिसऱ्यांदा काढून लावली आणि म्हणाला, “ज्यानं केली त्यो शाना मानूस हाय.”

“ही जुनी पिन आहे, अप्पा,” अंकिता म्हणाली. “चार वर्षं माझ्याकडं होती.”

ती पुण्याला गेल्यावर सिद्धप्पा दोन दिवस दुकानात नुसता बसून राहिला. तिसऱ्या दिवशी त्यानं रावजीला फोन लावला. पलीकडं गिरणीचा आवाज होता.

“रावजी, सिद्धप्पा बोलतोय. मोटर लोडानं जळली न्हवती. तार खरवडलेली मला दिसली न्हाय. डोळं गेल्यात माझं. तवाच सांगायला पायजे व्हतं.”

गिरणीचा आवाज हळूहळू बंद झाला. रावजीनं पट्टा सोडला असावा.

“मिस्त्री,” तो म्हणाला, “मी गावात हलक्या कारागिराकडं टाकली मोटर. रोज तापती. आता कुनाकडं न्यायची, ते तुमीच सांगा.”

सिद्धप्पानं नाव सांगितलं. त्याच रस्त्यावरचं, समोरच्या बाजूचं दुकान. बावीस वर्षं त्या माणसाशी त्याची चढाओढ होती. एकमेकांकडं बघून दोघं कधी हसले नव्हते.

“त्येच्याकडं न्या. तार चांगली वापरतो, हात साफ हाय. माझं नाव सांगू नका, त्येला अवघड वाटंल.”

“आनि तुमी काय करनार?”

“बेरिंग बदलीन, बुश बदलीन. कानाला आवाज कळतोय की अजून. भरायचं काम मात्र बंद.”

फोन ठेवल्यावर त्यानं तारेची रिळं एका पोत्यात भरली. सगळ्यांत बारीक तारेचं रीळ थोडा वेळ हातात धरलं. मग तेही टाकलं, पोत्याचं तोंड बांधलं आणि रस्ता ओलांडून समोरच्या दुकानाच्या पायरीवर ठेवून आला. आतला माणूस उठून बाहेर आला तोवर तो परत फिरला होता.

दुसऱ्या इंजेक्शनला अंकिताला सुट्टी मिळाली नाही. सोनाबाई सोबत गेली. डाव्या डोळ्यावर पांढरी पट्टी घालून दोघं रिक्षातनं दुकानाकडं परत आली, तर पेठेच्या तोंडाशीच पाइपलाइनसाठी रस्ता खणून ठेवलेला. रिक्षावाला म्हणाला, हितंच उतरा.

खाली उतरून दोघं थोडा वेळ उभी राहिली. संध्याकाळची वेळ होती, सगळी दुकानं उघडी. नंदीश बाहेर उभा होता. समोरचा मिस्त्रीही पायरीवर होता. लग्नाला तीस वर्षं झाली होती आणि या रस्त्यानं सोनाबाई कायम सिद्धप्पाच्या चार पावलं मागनं चालत आली होती. कुणी तसं सांगितलं नव्हतं, पण तसंच चालायचं असतं.

तिनं पदर कमरेला खोचला आणि त्याच्या पुढं जाऊन उभी राहिली. सिद्धप्पानं हात उचलला, जरा घुटमळला आणि तिच्या खांद्यावर ठेवला. ती चालायला लागली. घाई न करता, मातीच्या ढिगाला वळसा घालत, फळीवरनं. रस्त्यातली माणसं बाजूला झाली.

“पायरी,” ती म्हणाली.

त्यानं पाय उचलला.